दगडावरचं साल आणि घरातली तिथी

(उपनगरांच्या इतिहासावरील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं शेवटी दिली आहेत.)



संध्याकाळी कुठे निघालात, असं घरच्यांनी विचारलं असेल आणि ‘कबरींवरचं व्याख्यान ऐकायला’ असं तुम्ही सांगितलं असेल, तर पुढचं बोलणं काय झालं असेल याची आम्हाला कल्पना आहे. (हशा) आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा आमच्याही घरी तेच झालं. आम्ही म्हणजे काही मोठी संस्था नाही. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन रेल्वेमार्गांवर राहणारे सात-आठ जण आहोत. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेतून निवृत्त झालं आहे. प्रत्येकाला आपापल्या घराचा इतिहास शोधायचा होता, आणि शोधता शोधता आम्ही सगळेच दफनभूमीच्या दारात येऊन पोचलो. ज्यांच्या घरी दहन होतं तेसुद्धा. ते कसं, हे पुढे येईलच.

आज एकच गोष्ट सांगायची आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने जे काही उरतं, म्हणजे शिळा, छापील कार्ड, पेपरातली नोंद, श्राद्धाची तिथी, ते सगळं मागे राहिलेल्यांनी केलेलं असतं. त्यामुळे ते आधी मागे राहिलेल्यांबद्दल सांगतं आणि मग गेलेल्याबद्दल. हे विसरलं की काय घोटाळा होतो, याची एक गोष्ट आमच्यातल्याच एकाच्या घरात घडली. ती आज तीन टप्प्यांत सांगणार आहोत.

एक्सरचे वीरगळ

सुरुवात बोरिवलीपासून करू. बोरिवली पश्चिमेला एक्सर गाव आहे. आता तिथे टॉवर उभे राहिलेत, पण गावात सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या स्मरणाची शिळा. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची दखल घेतलेली आहे. शिळा चांगल्या उंच आहेत आणि कोरीवकाम बारीक आहे. वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा. खालच्या पट्टीत लढाई आणि मरण, त्याच्या वर अप्सरा वीराला नेताहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. एक्सरच्या शिळांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्यावर समुद्रातली लढाई आहे. डोलकाठीची जहाजं, वल्ह्यांच्या रांगा, सगळं दिसतं. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. काही अभ्यासक या शिळांचा संबंध शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी जोडतात. काही जण त्या आणखी जुन्या मानतात.

आता प्रश्न असा, की हे वीर कोण होते? नाव सांगणारा लेख हाती नाही. म्हणजे मरण कसं आलं ते तपशीलवार कोरलेलं आहे आणि मेला कोण ते माहीत नाही. त्या काळी गावात प्रत्येकाला ते माहीत असणार, मग लिहायची गरज कुणाला वाटेल? आपल्या घरातल्या ग्रुप फोटोचंही हेच होतं. मागच्या बाजूला कुणी नावं लिहीत नाही, कारण तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखत असतात. पन्नास वर्षांनी तो फोटो एक्सरचा वीरगळ होतो.

आज गावात या शिळांना शेंदूर लागतो. नाव गेलं, मान राहिला. तिथे गेलात तर शेंदूर खरवडून नक्षी बघायचा मोह टाळा. ती लोकांची पूजेची जागा आहे.

अंधेरीची बाजू: गाव हललं, कबरी राहिल्या

आता नाव असलेल्या शिळांकडे येऊ. साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांत, नावासकट कबर ही पद्धत पोर्तुगीजांबरोबर रुजली. १५३४च्या तहाने वसई आणि हा सगळा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. दोनशे वर्षांनी, १७३७ला मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये फरशीतच बसवलेल्या पोर्तुगीज शिळा आजही पायाखाली येतात. त्या काळच्या शिळांवर एक मजकूर वारंवार येतो, त्याचा अर्थ असा: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे शिळेचं काम नुसतं स्मरणाचं नव्हतं. ही जागा आमच्या घराची आहे, असा तो सातबारासुद्धा होता.

इथले जे कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, पाचकळशी लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्या वंशजांना आपण आज ईस्ट इंडियन म्हणतो. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. गोवा आणि मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला सांगण्यासाठी. घरात बोली मराठी, नाव पोर्तुगीज आणि शिळेवर बहुधा इंग्रजी. आजी आयुष्यभर मराठीत बोलली आणि तिच्या कबरीवरचा मजकूर तिला वाचता आला नसता, असं कितीतरी घरांत झालं आहे.

अंधेरीला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. १५७९ साली जेझुइटांनी बांधलेलं हे चर्च. १८४०च्या सुमारास साथ आली, लोकांनी गाव सोडलं आणि मरोळला वस्ती केली. तिथे नवं चर्च झालं. जुनं चर्च रानात पडून राहिलं, पुढे ती जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली. आता वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या सणाला, लोकांना आत सोडतात. मरोळचा एखादा माणूस ‘आमचं घर मूळचं इथलंच’ म्हणतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं, की त्याच्या पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांचं दफन दुसऱ्याच जागी झालेलं असू शकतं. त्या काळी दफन चर्चमध्ये किंवा चर्चच्या अंगणात होत असे. गाव हललं, तशा कबरी हलत नाहीत.

गोष्टीचा पहिला टप्पा

आमच्या एका सहकाऱ्याचं आजोळ अंधेरीकडच्या एका गावठाणात. तिथल्या दफनभूमीत कुटुंबाची कायमची कबर आहे. शिळेवर तीन नावं. पणजोबा, मृत्यू १९५१. त्याखाली त्यांची पत्नी, मृत्यू १८९६. त्याखाली मुलगा, मृत्यू १९१८.

सहकाऱ्याची आजी या पणजोबांची धाकटी मुलगी. लग्न होऊन बोरिवलीला गेली. घरात सगळ्यांना पाठ असलेली हकिकत अशी: पणजोबांची पहिली बायको प्लेगात गेली, त्यांनी दुसरं लग्न केलं आणि धाकटी ही दुसरीची. वाईट कुणी वागलं नाही. पण लग्नकार्यात, मानपानात ही शाखा कायम एक पायरी खाली. आजी हयात असताना याबद्दल कधी बोलली नाही.

आजी १९७८ला गेली. महिन्याच्या मिस्साला नातेवाइकांना वाटलेलं तिचं छोटं कार्ड आहे. फोटो, एक प्रार्थना आणि जन्ममृत्यूच्या तारखा. जन्म १८९९. शिळेवर पहिल्या बायकोचा मृत्यू १८९६. दोन अधिक दोन चार. हकिकत पक्की झाली, असं आमच्या सहकाऱ्यानेही मानलं. आम्हीही मानलं. इथे गोष्ट जरा थांबवू.

शिळा टिकत नाहीत, कागद टिकतो

तुम्ही म्हणाल, दगड टिकाऊ, कागद नाशवंत. मुंबईत हे उलटं आहे. इथल्या बहुतेक चर्चच्या दफनभूमीत जागाच नाही. कायमची कबर मोजक्या घरांकडे. बाकीच्यांना कबर काही वर्षांपुरती मिळते. मग अवशेष काढून भिंतीतल्या छोट्या कप्प्यात, ज्याला सगळे निश म्हणतात, किंवा सामायिक जागी ठेवतात. कबरीवरचा क्रूस आणि पाटी घरच्यांनी नेली तर नेली. त्यामुळे १९७० साली साध्या कबरीत पुरलेल्या माणसाची शिळा आज सापडेल ही आशा कमीच. मुसलमान कबरस्तानांतही बऱ्याच कबरी कच्च्याच असतात आणि जागा पुन्हा वापरली जाते.

पण ते हातभर लांबीचंही नसलेलं कार्ड टिकतं. कुठे? प्रार्थनेच्या पुस्तकात, कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात, फोटोच्या फ्रेममागे. एकाच कार्डाच्या शे-दोनशे प्रती निघालेल्या असतात आणि त्या वेगवेगळ्या घरांत गेलेल्या असतात. तुमच्या घरातलं हरवलं तर मावशीकडे असेल. म्हणून आमचा नेम असा आहे: दफनभूमीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंकडे जायचं आणि त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक बघू का, असं विचारायचं. जोडीला ‘एक्झामिनर’ हे १८५०पासून निघणारं मुंबईचं कॅथलिक साप्ताहिक आहे. त्यातल्या स्मरणाच्या जाहिराती फार उपयोगी पडतात.

मुलुंडपलीकडे ठाणे: एकाच माणसाची दोन नावं

मुलुंडच्या पलीकडे ठाण्याला बेने इस्रायल समाजाचं १८७९चं सिनेगॉग आहे आणि ज्यूंची दफनभूमीही आहे. हे आपले शनिवार तेली. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आडनावं पेणकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर, म्हणजे गावावरून. त्यांच्या शिळांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा लिपी एकत्र भेटतात. मराठीत लिहिलेल्या कबरी बघायच्या असतील तर त्यांच्याकडे बघाव्यात.

इथे दोन अडचणी येतात. पहिली नावाची. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं, त्यांचं नाव सॅम्युएल इझेकिएल दिवेकर असंही लिहिलेलं सापडतं आणि सामाजी हसाजी दिवेकर असंही. माणूस एकच. एका नावाने शोधलं तर अर्धाच माणूस सापडतो.

दुसरी अडचण सालाची. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की इसवी सन येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचं नवं वर्ष लागतं, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ३७६१. पण शिळेवर पुष्कळदा हजाराचा आकडा गाळलेला असतो. ५७०८ ऐवजी नुसतं ७०८. मग त्यात १२४० मिळवायचे, १९४८ येतं. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. त्यांची नातवंडं आज कोकणात आणि ठाण्यात येऊन शिळा शोधतात. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, आणि जवळच उभ्या असलेल्या आपल्याला हिब्रू वाचता येत नाही. दोघं मिळून एक शिळा पुरी होते.

आपल्याकडचे आकडेही इथेच सांगून टाकू. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे. गुजराती पद्धतीत वर्ष दिवाळीला बदलतं, तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत हीच वजाबाकी, जानेवारीनंतर ५६. वर्ष कोणत्या महिन्यात बदलतं हे पाहिलं नाही तर एका वर्षाची चूक हमखास होते.

ज्यांच्या घरी शिळाच नाही

आता इथे बसलेल्या बहुतेकांचा प्रश्न. आमच्यात दहन करतात, मग आम्ही काय शोधायचं? घरातलं श्राद्ध शोधा.

आपल्याकडे मृत्यूची तारीख विसरतात, साल विसरतात, पण तिथी विसरत नाहीत. ‘आजोबांचं कार्तिक शुद्ध पंचमीला असतं’, एवढं सुनेलासुद्धा माहीत असतं. तिथीवरून साल कळत नाही, हे खरं. पण पितृपक्षातला दिवस दुसरंच काही सांगतो. एखाद्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल, तर ती नवऱ्याच्या आधी गेली. एखाद्याचं चतुर्दशीला होत असेल, तर मरण शस्त्राने किंवा अपघाताने आलेलं. सर्वपित्रीला होत असेल, तर बहुधा तिथी माहीत नव्हती, म्हणजे माणूस दूर कुठेतरी गेला असेल आणि बातमी उशिरा आली असेल. दगडावर जे कोरत नाहीत, ते पंचांगात नोंदलेलं आहे.

आणखी एक. महालयाच्या वेळी नावं घेतात ती नुसती बाप, आजा, पणजा अशी नसतात. आई, आजी, पणजी येतात. आईचे वडील, त्यांचे वडील येतात. आईच्या आईकडच्या बायकासुद्धा येतात. इंग्रजी शिळेवर बाईची ओळख ‘अमक्याची पत्नी’ एवढीच असते. तर्पणाच्या यादीत तिचं माहेर शिल्लक राहतं. ही यादी कुणाच्या तरी वहीत असते, किंवा भटजींकडे असते, किंवा एखाद्या काकांच्या डोक्यात असते. काकांच्या डोक्यातली आधी लिहून घ्या.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, गया, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तुम्हाला माहीत असतील. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. पूर्वी कोण आलं होतं, बरोबर कोण होतं, कुणाचं पिंडदान केलं, पुष्कळदा आपल्या माणसाच्या हातचीच नोंद असते. गाव मात्र मूळचं सांगायचं. तिथे ‘मुक्काम बोरिवली’ चालत नाही.

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती आणि कच्छी मंडळींकडे याहून चांगली सोय आहे. त्यांच्या वंशावळी ठेवणारे वहीवंचा बारोट असतातच, शिवाय गुजराती पेपरांतल्या मरणनोंदी आहेत. ‘मुंबई समाचार’ १८२२पासून चालू आहे. या नोंदींची रीत बघा. आधी मूळ गाव, मग ‘हाल घाटकोपर’ किंवा ‘हाल मुलुंड’, मग मुलं, सुना, मुली, जावई, आणि बाई गेली असेल तर माहेरची बाजू वेगळी नोंदवलेली. चार ओळींत दोन गावं आणि तीन कुटुंबं. मराठी पेपरातल्या ‘पुण्यस्मरण’ जाहिरातीत फोटो मोठा असतो, खाली ‘शोकाकुल’ म्हणून दहा नावं असतात, पण मूळ गाव क्वचित असतं. आपण ही रीत त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

गोष्टीचा दुसरा टप्पा

आता पुन्हा त्या अंधेरीच्या शिळेकडे. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते दुपारी उशिरा. ऊन तिरपं होतं, अक्षरांच्या सावल्या पडलेल्या. आमच्यातल्या एक बाई शाळेत चित्रकला शिकवतात. त्या म्हणाल्या, “अहो, ही तिन्ही नावं एकाच हाताची आहेत.” बघितलं तर खरंच. नऊचा आकडा तिन्ही ठिकाणी सारखा, ओळींमधलं अंतर सारखं, खोली सारखी. १८९६, १९१८ आणि १९५१ ही तीन सालं तीन वेगळ्या वेळी कोरलेली नव्हती. पणजोबा गेल्यावर, म्हणजे १९५१ किंवा त्यानंतर, पूर्ण शिळा एकदम करून घेतली होती.

म्हणजे १८९६ हे साल मृत्यूच्या वेळी कुणी लिहिलेलं नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षांनी कुणीतरी आठवून सांगितलं होतं. कोण सांगणार? मोठे मुलगे. आई गेली तेव्हा ते स्वतः लहान होते. त्यांना काय आठवत होतं? ‘आई प्लेगात गेली.’ आणि प्लेग कधी? १८९६. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, हे साल मुंबईच्या तोंडी आहे. वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांत त्या साथीच्या काळात उभारलेले क्रूस आजही आहेत. पण प्लेग एका वर्षात गेला नाही. तो पुढे कितीतरी वर्षं दर हंगामात परत येत राहिला. घरच्यांच्या आठवणीत मात्र त्या सगळ्या वर्षांचं एकच साल झालं.

गोष्टीचा तिसरा टप्पा

मग आम्ही चर्चच्या नोंदवह्यांकडे गेलो. तीन प्रकारच्या वह्या असतात: बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू. मृत्यूच्या नोंदीवरून मागे लग्नाकडे आणि लग्नावरून बाप्तिस्म्याकडे जायचं, ही रीत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावं असतात, लग्नाच्या नोंदीत पुष्कळदा दोन्हीकडच्या आईबापांची. आणि विधुराचं लग्न असेल तर आधीच्या पत्नीचं नावही लिहिलेलं सापडतं.

आजीचा बाप्तिस्मा १८९९. आईचं नाव शिळेवरच्याच बाईचं. इथे घाई केली नाही, कारण दुसऱ्या बायकोचं नावही तेच असू शकतं. मृत्यूच्या वहीत ती बाई १९०१ला सापडली. पणजोबांचं दुसरं लग्न आमच्या चर्चमध्ये सापडेना. खूप शोधलं. मग लक्षात आलं, लग्न मुलीच्या पॅरिशमध्ये होणार. तिथे गेलो, तर १९०२ची नोंद मिळाली: विधुर, आणि पुढे पहिल्या पत्नीचं नाव. म्हणजे धाकटी ही पहिलीचीच. दोन वर्षांची असताना आई गेली. जी आई तिला आठवत होती ती सावत्र होती, म्हणून सगळ्यांनी तिला सावत्र धरलं. आणि १९५१च्या शिळेने त्यावर शिक्का मारला.

हे कागद घेऊन आमचे सहकारी आजोळी गेले. तिथले सगळ्यात मोठे मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी तिन्ही नोंदी चष्मा लावून वाचल्या. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती आमच्या बाबांची सख्खी बहीण.” एवढंच. दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी बोरिवलीच्या घरालाही बोलावणं गेलं. शिळेवरचं साल आजही १८९६च आहे. बदलावं की राहू द्यावं, यावर दोन्ही घरांचं अजून एकमत झालेलं नाही.

काम कसं करायचं

आता थोडक्यात चार व्यवहाराच्या गोष्टी.

एक, आधी परवानगी. चर्चच्या ऑफिसात किंवा ट्रस्टीकडे विचारा. कुणाचं दफन चालू असेल तर त्या दिवशी परत या.

दोन, फोटो तिरप्या उन्हात काढा, सकाळी किंवा उशिरा दुपारी. ऊन नसेल तर मोबाइलचा टॉर्च शिळेच्या बाजूने धरा, समोरून नको. पूर्ण शिळा, मग अक्षरं, मग शेजारच्या कबरी. शेजारी पुष्कळदा नातेवाईकच असतात. खाली कोपऱ्यात शिळा करणाऱ्याचं नाव असेल तर तेही टिपा, शिळा कधीची हे ठरवायला मदत होते.

तीन, आडनावावर विसंबू नका. साष्टीत एकाच गावात परेरा किंवा डिसोझा आडनावाची, एकमेकांशी नातं नसलेली कितीतरी घरं असतात. घराचं हाकेचं नाव विचारा.

चार, कुठल्या दप्तरात शोधायचं ते आधी ठरवा. अंधेरीपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत १९५०ला आला, बोरिवली, दहिसर, मुलुंड १९५७ला. त्याआधीच्या मृत्यूची नोंद महापालिकेत मिळाली नाही म्हणून निराश होऊ नका, ठाणे जिल्ह्याच्या जुन्या दप्तराचीही चौकशी करा. चर्चच्या बाबतीतही तसंच. १९२८पर्यंत इथे काही चर्च पोर्तुगीज आश्रयाखाली होती आणि काही थेट रोमच्या व्यवस्थेखाली. एकाच भागातली दोन घरं दोन वेगळ्या चर्चना जात असत. एका चर्चमध्ये नाव नाही, याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही.

प्रश्नोत्तरं

*अक्षरं पुसट असतील तर खडू किंवा तेल लावून वाचावं का?*

नको. तेल दगडात मुरतं, तारेच्या ब्रशने दगडाचा वरचा थर निघतो. साधं पाणी आणि मऊ कापड, तेही परवानगी घेऊन. नाहीतर तिरपा प्रकाश पुरतो. त्यानेही वाचता आलं नाही तर जेवढं दिसतं तेवढंच लिहा, उरलेल्या जागी रिकामे ठिपके ठेवा. अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या शाईने लिहा. १९५१च्या त्या मुलांनी १८९६च्या पुढे एक प्रश्नचिन्ह कोरलं असतं, तर बोरिवलीची आजी सावत्र ठरली नसती.

*शोधताना घरातली लपवलेली गोष्ट बाहेर आली तर काय करायचं?*

हे आमच्या बाबतीत झालं आहे, आणि प्रत्येक वेळी ते आजच्या गोष्टीसारखं गोड नव्हतं. आम्ही दोन नियम पाळतो. जिवंत माणसाबद्दलची माहिती त्याच्या परवानगीशिवाय वंशावळीत लिहायची नाही. आणि सापडलेली गोष्ट आधी ज्याला ती लागू पडते त्याला सांगायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

*आम्ही मालवणकडचे. गावचं घर बंद आहे, वडील गेले. आता सांगणारं कुणी नाही. सुरुवात कुठून करू?*

घरात श्राद्ध कोण करतं?

*मोठा भाऊ. पण त्याला फक्त वडिलांची तिथी माहीत आहे.*

मग तीच पहिली ओळ. वहीत लिहा: वडिलांचं नाव, तिथी, कुणाकडून कळली, आज तारीख काय. मग देवघरातले टाक बघा. पूर्वजांचे टाक कोणते, हे आईला किंवा आत्याला विचारा. वडिलांच्या मृत्यूनंतर पेपरात काही दिलं असेल तर ते कात्रण काढा. आणि यंदा गावी गेलात तर पूर्वी घरी येणाऱ्या भटजींच्या घरी जा. ते नसतील, त्यांच्या मुलाकडे वही असू शकते. येताना हातात वडिलांचा फोटो ठेवा. नाव सांगून जे आठवत नाही ते पुष्कळदा चेहरा बघून आठवतं. आणि फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा, आज घरी गेल्यावरच.